टेरियरचे केस आणि घरचा जमाखर्च

आपल्या वस्त्यांमध्ये हल्ली एक नवा पाहुणा दिसू लागला आहे. अंगाने वीतभर, आवाजाने मात्र गल्ली उठवणारा, डोळ्यांवर केसांची झुलपे आलेला टेरियर किंवा त्याच्यासारखाच केसाळ छोटा कुत्रा. कोणाचा भाचा पुण्याला कंपनीत असतो, त्याची बदली होते आणि कुत्रा सोलापूरला मामाकडे येतो. कोणाची मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी पास होते आणि बक्षीस म्हणून हट्टाने पिल्लू मागून घेते. पिल्लाला पैसे पडले असोत वा नसोत, त्याच्या केसांना दरमहा पैसे पडणार आहेत, ही गोष्ट त्या वेळी कोणीच सांगत नाही. सहा महिन्यांनी केसांच्या जटा होतात, कुत्रा अंग खाजवून लाल करतो, घरात वास सुटतो आणि मग घरधनी चौकशी करीत दुकानात जातो. तेथे ग्रूमिंगचा दर ऐकला की पहिला प्रश्न तोंडात येतो, "एवढ्या पैशात घरातल्या चौघांचे केस कापून होतील की!"

प्रश्न चुकीचा नाही. ज्या घरात महिन्याची वीस तारीख उलटली की किराणा उधारीवर येतो, त्या घराने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. परंतु प्रश्न विचारून कुत्र्याला तसेच जटांमध्ये ठेवणे हे त्याचे उत्तर नव्हे, आणि शेजारच्या साहेबांचा कुत्रा महिन्याला दुकानात जातो म्हणून आपलाही धाडणे हेही उत्तर नव्हे. उत्तर वहीत मांडावे लागेल.

आपल्याकडच्या जुन्या पिढीतले कार्यकर्ते या विषयावर रागावतात, त्यांचेही ऐकले पाहिजे. ते म्हणतात, ज्या समाजाला कुत्र्यापेक्षा हीन लेखले गेले, त्या समाजाने कुत्र्याच्या केसांचे लाड करावेत काय? हा राग पोकळ नाही. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना पाणी पिण्याची मुभा होती आणि आपल्या माणसांना नव्हती. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा हा हिशेब साऱ्या जगापुढे मांडला गेला. पण या हिशेबात दोषी कोण होते? तहान लागली म्हणून तळ्यावर जाणारे कुत्रे दोषी नव्हते. दोषी होता तो माणूस, ज्याने कुत्र्याला वाट दिली आणि माणसाची अडवली.

आणि राजगृहातले १९३४ सालच्या फेब्रुवारी महिन्यातले छायाचित्र आपल्यापैकी अनेकांच्या घरात भिंतीवर आहे. यशवंतराव, बाबासाहेब, माता रमाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतणे मुकुंदराव अशी सारी मंडळी त्यात आहेत आणि त्यांच्यासोबत एक कुत्राही आहे. त्याचे नाव टॉबी. पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ रोजी, रमाई गेल्या. त्यामुळे हे छायाचित्र पाहताना आपली नजर रमाईंवरच थांबते आणि टॉबीकडे कोणाचे लक्ष जात नाही. तरी तो तेथे आहे, घरच्या माणसांत आहे. जन्मभर पुस्तकांसाठी पोटाला चिमटा काढणाऱ्या, रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाच्या घरात कुत्र्याला जागा होती. तेव्हा कुत्रा पाळणे आपल्या परंपरेच्या विरुद्ध आहे असे कोणी म्हणू नये. मात्र हिशेब न करता पाळणे विरुद्ध आहे, एवढे मी जरूर म्हणेन.

गिरणीतला कुत्रा

टेरियर या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतल्या माती या अर्थाच्या शब्दात आहे. बिळात शिरून उंदीर, घुशी, कोल्हे हुसकून काढणारा तो टेरियर. म्हणजे हा कामाचा कुत्रा. त्यातला सर्वांत केसाळ आणि खर्चिक समजला जाणारा यॉर्कशायर टेरियर तर थेट गिरणी कामगारांचा. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधले विणकर पोटासाठी इंग्लंडमधल्या यॉर्कशायर आणि लँकेशायरच्या कापड गिरण्यांत आले. त्यांनी येताना आपले छोटे टेरियर बरोबर आणले. गिरणीत आणि कामगारांच्या खोल्यांत उंदीर मारणे हे त्यांचे काम. १८७० च्या सुमारास या जातीला यॉर्कशायर टेरियर हे नाव पडले. त्याच दशकात आपल्या सोलापुरात जुनी गिरणी उभी राहिली. तिकडचा कामगार आणि इकडचा कामगार भोंग्यावरच उठत होता आणि दोघांच्या खोलीत उंदीर सारखेच होते.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. गिरणीतला हा कुत्रा श्रीमंत बायकांच्या मांडीवर गेला. प्रदर्शनांत उतरवण्यासाठी त्याचे केस जमिनीपर्यंत वाढवले गेले, त्यांना रेशमासारखी चमक आणली गेली, डोक्यावर फीत बांधली गेली. आज आपण मोबाईलवर जे चित्र पाहून भुलतो ते या प्रदर्शनातल्या कुत्र्याचे आहे. उंदरामागे धावणाऱ्या कुत्र्याला जमिनीवर लोळणारे केस परवडलेच नसते. खर्च जो आहे तो कुत्र्याचा कमी आणि या लांब केसांच्या हौसेचा जास्त आहे. म्हणून यॉर्कशायर टेरियर घरात असेल तर पहिला निर्णय हा घ्यावा की त्याचे केस अंगभर आखूड ठेवायचे. दुकानात याला पपी कट म्हणतात. त्यात रोजचा गुंता वाचतो, पाणी वाचते, साबण वाचतो, आणि कुत्र्यालाही सुटल्यासारखे वाटते.

तिबेटन टेरियर म्हणून एक जात आहे, तिच्याविषयी धम्मबांधवांना कुतूहल असते, कारण तिबेटमधल्या बौद्ध विहारांत हे कुत्रे पाळले जात. खरे तर तो टेरियरच नाही. बिळात शिरणे हे त्याचे काम कधीच नव्हते. १९२० च्या दशकात कानपूरला असलेल्या अ‍ॅग्नेस ग्रेग या इंग्रज डॉक्टरीणबाईंना असा एक कुत्रा भेट मिळाला आणि त्यांच्यामुळे ही जात पाश्चात्त्यांना माहीत झाली. टेरियर हे नाव साहेबांनी चिकटवलेले. हिमालयाच्या थंडीसाठी त्याच्या अंगावर दुहेरी केस आहेत. विहारातला कुत्रा म्हणून कोणी तो सोलापूरच्या उन्हात आणणार असेल, तर श्रद्धा बाजूला ठेवून आधी थर्मामीटर पाहावा.

केस कसले, त्यावर खर्च

पिल्लू पाहताना आपण त्याचे डोळे पाहतो. पाहावेत केस. टेरियरमध्ये मोटामोटी तीन प्रकारचे केस असतात आणि पुढच्या बारा-चौदा वर्षांचा खर्च त्यावरच ठरतो.

गुळगुळीत, आखूड केसांचे टेरियर असतात, जसे जॅक रसेलमधले काही किंवा आखूड केसांचा फॉक्स टेरियर. यांचे केस कापावे लागत नाहीत. आठवड्यातून एकदा रबरी ब्रश फिरवला, महिना-दीड महिन्याने अंघोळ घातली, नखे कापली की झाले. केस गळतात, ते झाडूने निघतात. यांना दुकानाची गरज जवळजवळ नाही.

दुसरे राठ, तारेसारख्या केसांचे. टिनटिनच्या चित्रकथांतला पांढरा स्नोई हा या जातीचा. त्यांचे मेलेले केस हाताने उपटून काढण्याची पद्धत आहे, तेव्हा नवे केस पुन्हा राठ येतात. हे काम जाणणारा कारागीर शहरात असलाच तर तो वेळेप्रमाणे पैसे घेतो. मशीनने कापले तरी चालते, केस मऊ पडतात आणि रंग फिका होतो इतकेच. ज्याला प्रदर्शनात जायचे नाही त्याने मशीनवरच भागवावे.

तिसरे रेशमी, सतत वाढणाऱ्या केसांचे. यॉर्कशायर, सिल्की, माल्टीजसारखे दिसणारे मिश्र कुत्रे या गटातले. माणसाच्या केसांसारखे यांचे केस वाढतच राहतात. गळतात कमी, म्हणून विकणारा सांगतो की घर स्वच्छ राहील. ते खरे आहे. पण न गळलेला केस अंगावरच अडकून त्याची गाठ होते, हे तो सांगत नाही. यांना दर सहा ते आठ आठवड्यांनी कात्री लागते.

आता वही काढू. दर प्रत्येक दुकानाचा वेगळा, म्हणून खालचे आकडे मी समजून चालण्यासाठी धरले आहेत. वाचकांनी आपल्याकडचा दर विचारून त्या जागी घालावा. समजा, अंघोळ, केस कापणे, नखे आणि कान मिळून एका खेपेचे ८०० रुपये. दर सहा आठवड्यांनी म्हणजे वर्षाच्या जवळजवळ ९ खेपा. ७,२०० रुपये झाले. महिन्याला ६०० पडले. घरात २०,००० रुपये येत असतील तर हे उत्पन्नाचे ३ टक्के. ऐकायला फार वाटत नाही. पण छोटे टेरियर बारा-पंधरा वर्षे सहज जगतात. दर अजिबात वाढला नाही असे धरले तरी चौदा वर्षांचे १,००,८०० रुपये होतात. नुसत्या केसांचे! यात लस नाही, खाणे नाही, आजारपण नाही. मी कचेरीत हा आकडा एका सहकाऱ्याला दाखवला तेव्हा त्यांनी वही उलटी करून बेरीज पुन्हा केली.

याच कुत्र्याच्या चार खेपा दुकानात आणि बाकीची निगा घरी, असे केले तर वर्षाचे ३,२०० रुपये दुकानाचे आणि समजा ५०० रुपये शांपू वगैरेचे. ब्रश, फणी, नख कापायचा चिमटा यांचे सुरुवातीला एकदाच १,५०० धरू. चौदा वर्षांचे ५३,३०० झाले. म्हणजे ४७,५०० रुपये वाचले, आणि ते आपल्या घरातल्या कोणाच्या तरी हातांनी, रोज दहा मिनिटे देऊन वाचवले. ही दहा मिनिटे कोण देणार ते मात्र आधी ठरवा. बहुतेक घरांत हट्ट मुलांचा असतो आणि फणी आईच्या हातात येते. आधीच विड्या वळून किंवा चार घरची कामे करून तिची बोटे दुखत असतात. म्हणून ज्याने कुत्रा मागितला त्यानेच विंचरायचे, हा नियम पिल्लू घरात यायच्या दिवशीच करावा.

पैसा कोठून काढायचा? तथागतांनी राजगृहाच्या वेळुवनात सिगाल नावाच्या गृहपतीच्या मुलाला जो उपदेश केला, त्यात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग व्यवसायासाठी आणि चौथा अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवावा. सिगाल सावकाराघरचा होता. आपल्या पगारदार घरात पहिला भागच निम्म्याहून अधिक पगार खाऊन टाकतो, दोन भाग व्यवसायात घालायला व्यवसायच नसतो. तरीही या विभागणीचा मला रोजच्या जगण्यात उपयोग होतो. आपल्यासाठी ते दोन भाग म्हणजे मुलांचे शिक्षण. आपले भांडवल तेवढेच आहे. कुत्र्याचे केस पहिल्या भागात येतात, म्हणजे चहा, कपडे, जत्रा, सिनेमा यांच्या रांगेत. ग्रूमिंगसाठी पैसे कमी पडले तर याच रांगेतली दुसरी एखादी गोष्ट कमी करायची. शिकवणीच्या फीला किंवा बचत गटाच्या हप्त्याला हात लावायचा नाही. कुत्र्याचे आजारपण मात्र चौथ्या भागातले आहे. गोचीड तापाने तडफडणाऱ्या जिवाला "पुढच्या पगाराला बघू" म्हणता येत नाही. सम्राट अशोकाने गिरनारच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांबरोबर जनावरांच्याही औषधोपचाराची सोय केल्याचे कोरून ठेवले आहे. राज्याच्या तिजोरीतून त्याला तरतूद होती, तर घरच्या डब्यातून थोडी का असू नये?

डबा म्हणजे खरोखरच डबा ठेवा. वार्षिक खर्चाला बाराने भागून येईल ती रक्कम पगाराच्या दिवशी त्यात टाकायची. वरच्या हिशेबाने महिन्याला तीनशे-सव्वातीनशे. मग खेप आली की महिना कोणताही असो, घरात कुरकुर होत नाही.

घरी काय करावे

रोज विंचरताना वरवर ब्रश फिरवण्यात अर्थ नाही. जटा कातडीजवळ होतात. कानांमागे, बगलेत, मांड्यांच्या आत, गळपट्ट्याखाली बोटांनी केस बाजूला करून मुळापासून फणी आणावी. गाठ लागली तर अंघोळीच्या आधी सोडवावी. पाणी लागले की ती आवळते आणि मग कापण्याशिवाय इलाज राहत नाही. कात्रीने गाठ कापताना कातडी वर खेचली जाते आणि तीच कापली जाते, असे प्रकार पुष्कळ घडतात. बोथट टोकाची कात्री घ्यावी आणि गाठ व कातडी यांच्या मध्ये फणी धरून फणीच्या वरून कापावे.

अंघोळ महिन्यातून एकदा पुरे. चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येण्याची वर्षे सोलापूरकरांनी काढली आहेत, त्यांना पाणी जपून वापरायला शिकवण्याची गरज नाही. आखूड केसांच्या छोट्या कुत्र्याला दोन बादल्या होतात. आपला शांपू, कपड्याचा साबण, जंतुनाशक किंवा फिनेल त्याच्या अंगाला लावू नये. कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते, तिला आपला शांपू मानवत नाही. कोरडी पडते आणि खाज सुटते. कुत्र्यांचा साधा शांपू पाण्यात पातळ करून वापरला की बाटली पुष्कळ दिवस जाते. साबण नीट धुऊन निघाला पाहिजे आणि केस मुळापर्यंत कोरडे झाले पाहिजेत, विशेषतः पावसाळ्यात.

नखांच्या आत जिवंत भाग असतो, त्यातून रक्तवाहिनी जाते. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते, काळ्या नखात दिसत नाही. म्हणून टोकाचे थोडे थोडेच कापावे. रक्त आलेच तर मक्याचे पीठ दाबून धरावे. पायाच्या आतल्या बाजूला, वर, एक नख असते. ते जमिनीला लागत नाही म्हणून झिजत नाही आणि वळून मांसात शिरते. ते विसरू नका.

विंचरतानाच गोचीड, पिसवा, कातडीवरचे चट्टे दिसतात. माझ्या मते रोजच्या विंचरण्याचा सर्वांत मोठा फायदा हाच. केस जागोजागी गोल गेले असतील तर तो नायटा असू शकतो, आणि तो लहान मुलांना लागतो. अशा वेळी दुकानात नव्हे, जनावरांच्या सरकारी दवाखान्यात जावे. कानातून वास येत असेल, कुत्रा मान वाकडी धरीत असेल, तरी तेच. ग्रूमिंग करणारा कारागीर असतो, डॉक्टर नसतो. कुत्रा चावतो म्हणून त्याला गुंगीचे औषध देण्याचा अधिकारही दुकानदाराला नाही, तो डॉक्टरांचा आहे.

दुकानात कुत्रा सोडून बाजारहाट करायला निघून जाण्याची पद्धत मला पसंत नाही. पहिल्या खेपेला तरी थांबावे. कुत्रा कसा धरतात, मशीनचे पाते दोन कुत्र्यांच्या मध्ये पुसून निर्जंतुक करतात की नाही, केस वाळवण्यासाठी गरम हवेचा झोत सोडून कुत्र्याला पेटीत एकट्याला ठेवतात काय, हे पाहावे. गरम हवेच्या बंद पेटीत कुत्रे दगावू शकतात. दर आधीच स्पष्ट विचारावा, आणि जटा असल्या तर वेगळे किती घेणार तेही. अत्तर, रंग, नखांना पॉलिश असल्या गोष्टी यादीत असतात. त्यांवर सरळ काट मारावी. कुत्र्याला वासाचेच जग असते, त्याच्या अंगाला अत्तर लावणे म्हणजे आपल्या डोळ्यांवर दिवसभर विजेरी मारण्यासारखे आहे.

पण दरावरून घासाघीस करण्याआधी एक विचार करावा. छोट्या कुत्र्याचे नीट काम करायला दीड-दोन तास लागतात. वीज, पाणी, जागेचे भाडे, पात्यांना धार आणि वर चावे, हे सारे त्या पैशांत आहे. हे काम करणारी मुले अनेकदा आपल्यासारख्याच वस्तीतली असतात. मालकाने नोकराला ताकदीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, हे तथागतांनी त्याच सिगालाला सांगितले आहे.

येथे आपल्यातलेच काही जण विचारतात, मेलेली ढोरे ओढण्याचे काम आपण बाबासाहेबांच्या आदेशाने सोडले, आता आपल्या पोरांनी साहेबांची कुत्री धुवायची काय? मला यात मोठा फरक दिसतो. ते काम जन्माने लादलेले होते, त्याला दर नव्हता आणि नाही म्हणण्याची सोय नव्हती. हे काम शिकून घ्यायचे आहे, दर आपण लावायचा आहे आणि कुत्रा चावरा असेल तर गिऱ्हाईक परत पाठवता येते. पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकात सीन नदीच्या काठावर कुत्र्यांचे केस कापणारे गरीब कारागीर पेटी घेऊन बसत. त्या धंद्याची आज दुकाने झाली आहेत. आपल्या जिल्ह्यात मेंढ्यांची लोकर कातरणारे हात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. एखाद्या मुलाला वा मुलीला जनावरांची आवड असेल तर चांगल्या कारागिराच्या हाताखाली राहून हे शिकायला हरकत नाही. पदवी पुरी करून मग शिकावे, इतकाच माझा आग्रह आहे.

चार घरे मिळून एक चांगले मशीन घेणे हाही एक मार्ग आहे. समजा ३,००० रुपयांचे मशीन, तर घरटी ७५० पडले. पाते प्रत्येक कुत्र्यानंतर साफ झाले पाहिजे आणि नायटा झालेल्या कुत्र्यावर ते चालवायचे नाही, एवढी शिस्त पाळता येत असेल तरच हे करावे. नाहीतर एका घराचा रोग चारही घरी जाईल आणि संबंधही बिघडतील.

ज्यांनी अजून पिल्लू आणलेले नाही त्यांना मी गावठी पिल्लूच सुचवतो. सोलापूरच्या हवेत ते वाढलेले असते, केस आखूड, कात्रीचा खर्च नाही, आणि गल्लीत तशी पिल्ले दर हंगामाला घराची वाट पाहत असतात. टेरियरच हवा असेल तर आखूड केसांचा पाहावा. ज्यांच्याकडे केसाळ कुत्रा आलेलाच आहे त्यांच्यापुढे हा पर्याय राहिलेला नाही. खर्च झेपेना म्हणून त्याला रात्री हायवेवर सोडून येणारे लोक आहेत. पाळलेले जनावर असे टाकून देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि पंचशील घेणाऱ्याला तर कायद्याचे कलम पाहण्याची गरजच पडू नये. मांडीवर वाढलेला तो जीव रस्त्यावर चार दिवसही टिकत नाही. ज्याला खरोखरच जमत नाही त्याने नातेवाइकांत, ओळखीत दुसरे घर शोधावे, विहारात रविवारी वंदनेला येणाऱ्यांना विचारावे.

चार खेपा कधी घ्याव्यात, तेही सांगतो. पहिली भीमजयंतीच्या आधी, मार्चअखेर किंवा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, कारण त्यानंतर पारा चाळीसच्या वर जातो. या वेळी केस आखूड करावेत पण वस्तरा फिरवल्यासारखे कातडीपर्यंत नेऊ नयेत. बोटाच्या जाडीएवढे तरी राहू द्यावेत, नाहीतर ऊन थेट कातडीला भाजते. जयंतीच्या दिवशी मात्र त्याला कोठेही नेऊ नका, मिरवणुकीच्या आवाजाने तो बिथरतो. आतल्या खोलीत पाणी ठेवून राहू द्यावा. दुसरी जुलै-ऑगस्टमध्ये, पावसाच्या ओलीने जटा धरतात तेव्हा. तिसरी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या पुढेमागे. नागपूरला जाणाऱ्यांनी जाण्याआधीच उरकून घ्यावी, म्हणजे मागे घरी राहणाऱ्यावर विंचरण्याचा भार पडत नाही. चौथी जानेवारीत. तेव्हा थंडी असते, म्हणून फक्त पंजे, डोळ्यांभोवतीचे आणि शेपटीखालचे केस काढायला सांगावे. अशा अर्ध्या कामाला बरीच दुकाने कमी पैसे घेतात, पण ते आपण विचारल्याशिवाय सांगत नाहीत.